क्लार्कच्या टेबलावर अडलेला हुकूमनामा : टेक्सास आणि न्यूयॉर्क यांच्यातील गर्भपातविषयक वादाचे एक प्रकरण

मार्च २०२५ मध्ये टेक्सास राज्याच्या वकिलांनी न्यूयॉर्क राज्यातील, हडसन नदीच्या खोऱ्यातल्या एका काउंटी क्लार्कच्या, म्हणजे जिल्हा पातळीवर न्यायालयीन कागद दाखल करून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाकडे कागदांचा एक संच पाठवला. टेक्सासच्या न्यायालयाने न्यूयॉर्कमधील एका डॉक्टरांवर एक लाख डॉलरहून अधिक रक्कम बसवली होती आणि ती न्यूयॉर्कमध्ये वसूल व्हावी, एवढीच त्या कागदांतली मागणी होती. क्लार्कने कागद दाखल करून घेतले नाहीत. एरवी अशा नकाराची नोंद कार्यालयाबाहेर कोणी घेतली नसती. पण एका राज्याने गुन्हा मानलेली आणि दुसऱ्या राज्याने संरक्षण दिलेली एकच वैद्यकीय कृती या कागदांच्या मुळाशी होती, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेतील एक जुना प्रश्न त्यांच्याबरोबर त्या टेबलापर्यंत येऊन थांबला होता. डॉक्टर, रुग्ण आणि क्लार्क यांची नावे येथे दिलेली नाहीत; सार्वजनिक पदावरून उघड भूमिका घेतलेल्यांचीच नावे ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स प्रकरणाच्या निकालात गर्भपाताला घटनात्मक हक्काचे संरक्षण देणारा १९७३ चा रो निवाडा रद्द ठरवला आणि गर्भपाताला परवानगी द्यायची की नाही हा प्रश्न राज्यांकडे सोपवला. त्यानंतरचे सगळे भांडण सीमेवरचे आहे, कारण प्रत्येक राज्याने आपल्या हद्दीत आपला कायदा लावला तरी माणसे, टपाल आणि दूरध्वनी हद्दीत राहत नाहीत. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी आपल्या स्वतंत्र मतात दुसऱ्या राज्यात जाऊन गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीला तिचे राज्य अडवू शकणार नाही, असे प्रवासाच्या हक्काच्या आधारे लिहिले होते. मात्र स्त्री घरीच राहिली आणि औषधच टपालाने तिच्याकडे आले तर काय, याचे उत्तर त्या मतात नव्हते.

टेक्सासचा जवळपास संपूर्ण बंदीचा कायदा २५ ऑगस्ट २०२२ पासून अमलात आला. गर्भवतीच्या जिवाला किंवा शरीराच्या एखाद्या महत्त्वाच्या कार्याला गंभीर धोका असेल तेवढाच त्यात अपवाद आहे. गर्भपात करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होऊ शकते आणि प्रत्येक उल्लंघनासाठी किमान एक लाख डॉलरचा दिवाणी दंड राज्याला मागता येतो. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीवर मात्र हा कायदा कारवाई करत नाही. त्यामुळे अंमलबजावणीचा सगळा भार औषध देणाऱ्यावर येतो आणि देणारा परराज्यात असला की राज्याचा हात तोकडा पडतो.

न्यूयॉर्कने नेमकी उलटी वाट धरली. २०२२ मध्ये तिथे पहिले ‘शील्ड’ कायदे, म्हणजे ढालीसारखे संरक्षक कायदे झाले आणि जून २०२३ मध्ये त्यांत दूरवैद्यकीय सेवेचा, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण समोरासमोर न येता दिलेल्या सेवेचा समावेश झाला. न्यूयॉर्कमध्ये बसून न्यूयॉर्कच्या परवान्यावर डॉक्टरांनी दिलेली सेवा, रुग्ण कुठल्याही राज्यात असला तरी, कायद्याने संरक्षित ठरली आणि अशा सेवेबद्दल परराज्याच्या चौकशीला वा कारवाईला राज्याच्या आणि स्थानिक पातळीवरच्या कर्मचाऱ्यांनी साहाय्य करू नये, असे बंधन घातले गेले. असा दूरवैद्यकीय संरक्षक कायदा करणारी मॅसॅच्युसेट्स, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया यांसारखी आणखीही राज्ये आहेत. औषधांच्या बाजूने पाहिले तर मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या औषधाला केंद्रीय मान्यता २००० सालापासून आहे, गर्भधारणेच्या दहा आठवड्यांपर्यंत ते वापरता येते आणि ते घेण्यासाठी समक्ष दवाखान्यात येण्याची अट जानेवारी २०२३ मध्ये कायमची काढून टाकली गेली. पाकीट टपालात टाकणे शक्य झाले ते या शेवटच्या बदलामुळे.

डिसेंबर २०२४ मध्ये टेक्सासचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी कॉलिन काउंटीच्या जिल्हा न्यायालयात न्यूयॉर्कच्या या डॉक्टरांविरुद्ध दिवाणी दावा लावला. (कॉलिन काउंटी म्हणजे डॅलसच्या उत्तरेचा, प्लेनो, फ्रिस्को आणि मकिनी ही शहरे असलेला भाग. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्या पाहता हे प्रकरण त्यांच्या घरापासून फार लांबचे नाही.) डॉक्टरांनी त्या काउंटीतील एका स्त्रीला गर्भपाताच्या गोळ्या पुरवल्या, त्यांच्याकडे टेक्सासचा वैद्यकीय परवाना नाही आणि त्या स्त्रीला पुढे रुग्णालयात जावे लागले, असे दाव्यात म्हटले होते.

प्रश्न नेमका कोणता होता

वरवर पाहता प्रश्न वसुलीचा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदानुसार प्रत्येक राज्याने इतर राज्यांच्या न्यायिक कार्यवाहीला पूर्ण विश्वास आणि मान्यता द्यायची असते. आपल्याकडेही २६१ वा अनुच्छेद याच शब्दांत बोलतो, पण आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहिता जवळपास सगळीकडे एक आणि वर सर्वोच्च न्यायालयही एकच असल्याने पुण्याचा हुकूमनामा बेळगावला बजावणीसाठी पाठवताना घटनात्मक पेच पडत नाही. दरखास्त लावली जाते आणि काम पुढे सरकते. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायव्यवस्था आहे, त्यामुळे या अनुच्छेदाचा भार तिथे खराखुरा आहे.

तो भार किती, हे १९०८ च्या फॉन्टलरॉय प्रकरणावरून समजते. मिसिसिपीमध्ये बेकायदा असलेल्या कापसाच्या सट्ट्यातून निघालेल्या देण्यावर मिसूरीच्या न्यायालयाने निकाल दिला होता आणि मिसिसिपीला तो मानावा लागला. आपल्या राज्याच्या धोरणाला परराज्याचा निकाल रुचत नाही, एवढे कारण तेव्हा पुरले नव्हते. न्यूयॉर्कचा शील्ड कायदा मात्र जवळपास तेवढ्याच कारणावर उभा आहे, असे टेक्सासच्या बाजूने म्हणता येते.

दुसऱ्या बाजूलाही जुना आधार आहे. १८८८ मध्ये विस्कॉन्सिनने एका विमा कंपनीविरुद्ध आपल्याच न्यायालयात मिळवलेल्या दंडाच्या निकालाची वसुली सर्वोच्च न्यायालयाकडे मागितली, तेव्हा एका राज्याचे दंडात्मक कायदे दुसऱ्याने अमलात आणायचे नसतात, या तत्त्वावर ती नाकारली गेली. १८९२ च्या हंटिंग्टन निकालाने दंडात्मक कशाला म्हणायचे याची कसोटी सांगितली: रक्कम राज्याविरुद्धच्या अपराधाची शिक्षा म्हणून आहे की नुकसान झालेल्या व्यक्तीची भरपाई म्हणून? कॉलिन काउंटीच्या निकालातला दंड टेक्सास राज्याच्याच पदरात पडणार होता. त्याला ‘दिवाणी’ म्हटले असले तरी या कसोटीवर त्याचे स्वरूप दंडाकडे झुकते, असे मला वाटते. मात्र इतक्या जुन्या निकालांची व्याप्ती आजचे सर्वोच्च न्यायालय किती ठेवील, याची खात्री देता येणार नाही.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय डॉक्टरांना करायचा होता आणि बाहेरून तो जितका सोपा दिसतो तितका तो नव्हता. टेक्सासच्या न्यायालयात वकील उभा करून, आपण कधी टेक्सासमध्ये पाऊल ठेवलेले नाही, तेव्हा या न्यायालयाला आपल्यावर अधिकारक्षेत्रच नाही, अशी हरकत घेता आली असती. पण अशी हरकत घेऊन ती फेटाळली गेली तर तोच प्रश्न पुढे न्यूयॉर्कमध्ये पुन्हा उपस्थित करता येत नाही. हजर राहून हरलेला मुद्दा कायमचा हरला जातो. गैरहजर राहिले तर दाव्याच्या गुणदोषांवरची लढाई आपोआप सोडून दिल्यासारखी होते, मात्र ‘त्या न्यायालयाला माझ्यावर अधिकार नव्हता’ हा बचाव आपल्या राज्यात मांडण्यासाठी शाबूत राहतो. समन्सला उत्तर न देणे म्हणजे बेपर्वाई, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. येथे गप्प राहणे ही एक विचारपूर्वक निवड असू शकत होती, हे ध्यानात घ्यायला हवे.

टेक्सासपुढेही वाटा मर्यादित होत्या. राज्य हे घटनेच्या अर्थाने कुठल्याही राज्याचे ‘नागरिक’ नसल्यामुळे केवळ दोन पक्ष वेगवेगळ्या राज्यांतले आहेत या आधारावर संघीय न्यायालयाचे दार उघडत नव्हते. न्यूयॉर्क राज्यावर थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावता आला असता, पण राज्याराज्यांतले असे दावे ऐकायला घेण्याबाबत ते न्यायालय फार हात राखून वागते. उरला मार्ग न्यूयॉर्कच्याच न्यायालयात जाण्याचा. तिथेही एक खाचखळगा होता. परराज्याचा निकाल नुसता दाखल करून त्याची बजावणी सुरू करण्याची सोपी तरतूद न्यूयॉर्कच्या दिवाणी प्रक्रिया कायद्यात आहे, पण प्रतिवादी हजरच न राहता झालेले निकाल त्या तरतुदीतून स्पष्टपणे वगळलेले आहेत. म्हणून टेक्सासला त्या निकालाच्या आधारे नवीन दावा, पूर्ण सुनावणीशिवाय झटपट निकाल मागणाऱ्या अर्जासह दाखल करणे भाग होते. आपल्या वकिलांना समरी दावा म्हणजे काय ते ठाऊक असल्याने याची कल्पना चटकन येईल.

तिसरा निर्णय क्लार्कचा. न्यूयॉर्कमध्ये काउंटी क्लार्क हे त्या काउंटीतल्या सुप्रीम कोर्टाचेही क्लार्क असतात (न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे प्रथम सुनावणीचे न्यायालय आहे, सर्वांत वरच्या न्यायालयाचे नाव वेगळे, हा घोळ तिथल्या वकिलांनाही परक्यांना समजावून सांगावा लागतो). दावा आला की शुल्क घ्यायचे, क्रमांक द्यायचा आणि कागद न्यायाधीशांकडे जाऊ द्यायचे, हे त्यांचे काम. क्रमांक मिळाल्याशिवाय दावा अस्तित्वातच येत नाही. क्लार्कपुढे दोन कर्तव्ये एकमेकांना छेद देत उभी होती: कागदांच्या गुणदोषांत न शिरता ते स्वीकारण्याचे, आणि संरक्षित वैद्यकीय सेवेविरुद्धच्या परराज्याच्या कारवाईला हातभार न लावण्याचे. कायद्याच्या मजकुरात ‘साहाय्य’ या शब्दात क्रमांक देण्याइतकी यांत्रिक कृती बसते की नाही, हे त्या क्षणी कोणत्याही न्यायालयाने सांगितलेले नव्हते. तिसरा मार्गही होता: कागद स्वीकारून, शील्ड कायद्याकडे लक्ष वेधणारी टीप जोडून, ते न्यायाधीशांपुढे ठेवणे.

काय केले गेले

डॉक्टर टेक्सासच्या न्यायालयात हजर राहिल्या नाहीत. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथल्या न्यायाधीशांनी एकतर्फी निकाल देऊन एक लाख डॉलरचा दंड आणि वर खर्च बसवला, शिवाय टेक्सासमधील रुग्णांना अशी औषधे देण्यास कायमचा मनाई हुकूम काढला.

त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये दुसरी एक गोष्ट घडली, आणि तिच्याशिवाय हे प्रकरण समजत नाही. जानेवारीच्या अखेरीस लुईझियानाच्या एका ग्रँड ज्युरीने (खटला चालवण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) गर्भपाताच्या गोळ्यांवरूनच याच डॉक्टरांवर फौजदारी आरोप ठेवले होते आणि गव्हर्नर जेफ लँड्री यांनी त्यांच्या प्रत्यार्पणाची मागणी केली होती. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी १३ फेब्रुवारीलाच ती नाकारली. हा नकार कायद्याच्या दृष्टीने टेक्सासच्या प्रकरणापेक्षा बराच भक्कम पायावर उभा आहे. घटनेतले प्रत्यार्पणाचे कलम ‘पळून गेलेल्या’ आरोपीबद्दल बोलते आणि गुन्ह्याच्या वेळी जी व्यक्ती त्या राज्यात नव्हतीच तिला पळून गेलेली म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९०३ मध्ये, योगायोगाने न्यूयॉर्कच्याच एका प्रकरणात, ठरवलेले आहे.

लुईझियानात डॉक्टरांचे नाव पोलिसांपर्यंत पोहोचले ते औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीमुळे. अमेरिकेत औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीवर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव छापतात ते रुग्णाच्या भल्यासाठी, काही बिनसले तर कोणाला विचारायचे हे कळावे म्हणून. येथे तीच बोटभर चिठ्ठी पुरावा ठरली. ३ फेब्रुवारीला होकल यांनी सही केलेल्या कायद्याने न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना अशा औषधांवर स्वतःच्या नावाऐवजी आपल्या वैद्यकीय संस्थेचे नाव छापून घेण्याची मुभा दिली.

मार्चमध्ये टेक्सासचे कागद काउंटी क्लार्कच्या कार्यालयात आले. क्लार्कने शील्ड कायद्याचा आधार देऊन ते परत केले आणि असे पुढे येणारे कागदही नाकारले जातील, असे जाहीर केले. जुलैमध्ये टेक्सासने तेच कागद पुन्हा पाठवले. या वेळचे उत्तर अधिक कोरडे होते: तीच कागदपत्रे पुन्हा पाठवल्याने निष्कर्ष बदलत नाही. त्याच महिन्याच्या शेवटी पॅक्स्टन यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात क्लार्कविरुद्ध परमादेशाची याचिका दाखल केली. क्लार्कचे काम कारकुनी स्वरूपाचे असून कागद नाकारण्याचा अधिकार त्यांना नाही, तेव्हा त्यांना ते दाखल करून घेण्याचा आदेश द्यावा, ही मागणी. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी शील्ड कायद्याच्या बचावासाठी या प्रकरणात हस्तक्षेप केला.

परिणाम

२०२५ सरण्याआधी न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी टेक्सासची याचिका फेटाळली. क्लार्कचा नकार टिकला. पण काय ठरले आणि काय ठरले नाही, हे वेगळे करून पाहावे लागते. क्लार्कने कागद परत करणे न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार योग्य होते, हे ठरले. न्यूयॉर्कचा तो कायदा पूर्ण विश्वास आणि मान्यता देणाऱ्या घटनात्मक कलमापुढे टिकतो का, कॉलिन काउंटीचा दंड दंडात्मक अपवादात बसतो का, टेक्सासच्या न्यायालयाला न्यूयॉर्कमधील डॉक्टरांवर अधिकारक्षेत्र होते का, या तीन मूळ प्रश्नांवर संघीय पातळीवरचे उत्तर या निकालातून मिळालेले नाही.

टेक्सासने दरम्यान आपली चाल बदलली. सप्टेंबर २०२५ मध्ये सही झालेला आणि ४ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेला नवा कायदा खासगी व्यक्तींना गर्भपाताच्या गोळ्या बनवणाऱ्या, पाठवणाऱ्या किंवा पुरवणाऱ्यांविरुद्ध किमान एक लाख डॉलरसाठी दावा लावण्याची मुभा देतो. दावा लावणारा गर्भाशी नाते नसलेला असेल तर त्याला त्यातला दहावा हिस्साच ठेवता येतो आणि बाकी रक्कम धर्मादाय संस्थेला जाते. हंटिंग्टन कसोटी आठवली की या रचनेमागचा हेतू उघड होतो. रक्कम राज्याच्या तिजोरीत जाण्याऐवजी एका व्यक्तीच्या नावे झाली की तिला ‘शिक्षा’ म्हणणे अवघड जाते आणि अशा निकालाला फॉन्टलरॉयचे बळ मिळू शकते. मात्र ज्याचे काहीच नुकसान झालेले नाही अशा त्रयस्थाला मिळणारे दहा टक्के भरपाई कशी ठरते, हा प्रश्न टेक्सासलाही सुटायचा नाही, असा माझा अंदाज आहे.

वेगळे काय करता आले असते

डॉक्टरांच्या गैरहजेरीबद्दल मी वर लिहिले आहे आणि त्या निर्णयात मला दोष दिसत नाही. टेक्सासच्या बाजूने पाहिले तर मार्चमधल्या नकारानंतर चार महिने थांबून तेच कागद पुन्हा पाठवण्यात नेमका कोणता कायदेशीर लाभ होता, हे समजणे कठीण आहे. परमादेशाची याचिका एप्रिलमध्येही लावता आली असती.

खरा विचार करण्याजोगा टप्पा क्लार्कचाच. त्यांनी कायद्याचा अर्थ प्रामाणिकपणे लावला आणि न्यायालयाने तो मान्य केला, तेव्हा त्यांना चूक म्हणण्याचे कारण नाही. तरीही दोन राज्यांमधला घटनात्मक वाद एका काउंटी क्लार्कच्या टेबलावर ठरावा, ही रचना मला पटत नाही. उद्या दुसऱ्या काउंटीतल्या, वेगळ्या राजकीय मताच्या क्लार्कने अशाच दाव्याला क्रमांक देऊन टाकला तर त्याच राज्यात दोन डॉक्टरांचे संरक्षण वेगवेगळे होईल. तीच रीत उलट दिशेनेही चालते. एखाद्या बंदीवाल्या राज्यातील क्लार्कने न्यूयॉर्कचा न आवडणारा निकाल टेबलावरूनच परत केला तर न्यूयॉर्कला तक्रार करायला तोंड उरणार नाही. विधिमंडळाला हे टाळता आले असते: परराज्याच्या अशा निकालावरील दावा दाखल करून घ्यावा, पण न्यायाधीशांनी शील्ड कायद्याची आणि दंडात्मक अपवादाची तपासणी केल्याशिवाय प्रतिवादीवर कोणतेही बंधन येऊ नये, अशी एक स्पष्ट तरतूद पुरेशी होती.

या सूचनेची किंमतही सांगायला हवी. दावा दाखल झाला की डॉक्टरांना वकील नेमावा लागतो, उत्तर द्यावे लागते, पत्ता आणि नाव न्यायालयीन नोंदीत येते आणि ज्या त्रासापासून वाचवण्यासाठी शील्ड कायदा आहे त्याचा काही भाग तरी त्यांच्या वाट्याला येतोच. शिवाय तिथून प्रकरण अपिलात आणि अखेर वॉशिंग्टनमध्ये गेले तर आजच्या सर्वोच्च न्यायालयासमोर तो कायदाच पणाला लागतो. क्लार्कच्या टेबलावरच्या नकाराने हा धोका निदान काही काळ लांबला, आणि न्यूयॉर्कच्या वकिलांना ते अडचणीचे वाटले नसणार.

कॉलिन काउंटीचा निकाल टेक्सासमध्ये आजही वैध आहे. डॉक्टरांची तिथे काही मालमत्ता असती, तर तिच्यावर टाच आणता आली असती. लुईझियानाचे आरोपपत्रही तसेच उभे आहे आणि होकल यांचा नकार न्यूयॉर्कच्या हद्दीपुरताच चालतो. अटकेचे वॉरंट निघालेले असेल तर तिसऱ्या एखाद्या राज्याचा गव्हर्नर वेगळा निर्णय घेऊ शकतो. अशा डॉक्टरांना देशांतर्गत विमानाचे तिकीट काढताना विमान मध्ये कोणत्या राज्यात थांबते, हे आधी पाहावे लागते.